अध्यापकांचे अध्यापन : पुण्याचे भाषाशास्त्र-वर्ग आणि त्यानंतर

प्राथमिक शाळेत शिकवावयाचे तर पदविका घ्यावी लागते. माध्यमिक शाळेत शिकवावयाचे तर बी. एड. ची पदवी. मुंबईत माध्यमिक शिक्षकांसाठी प्रशिक्षण महाविद्यालय १९०६ साली निघाले. म्हणजे शाळेतील शिक्षकास ‘कसे शिकवावे’ हे शिकावे लागते, ही गोष्ट आपल्याकडे शंभराहून अधिक वर्षे मान्य झालेली आहे. विद्यापीठातील अध्यापकाची गोष्ट मात्र निराळी. काल एम. ए. ची परीक्षा दिलेला विद्यार्थी आज व्याख्याता म्हणून वर्गासमोर उभा राहतो, आणि शिकविण्याविषयीचे त्याचे भांडवल काय, तर आपल्या गुरुजनांना शिकविताना पाहिले, इतकेच. गुरुजन चांगले लाभले असतील तर निभावते. नसतील तर त्यांच्या टिपणवह्या तरी हाताशी असतात. आजच्या ‘नेट’ परीक्षेच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेत अध्यापनविषयक अभिरुची तपासली जाते हे खरे. परंतु ती तपासणी चार पर्यायांपैकी एकावर खूण करून घेण्याची असते. वर्गात उभे राहिल्यावर चार पर्याय कोणी पुढे ठेवीत नाही.

ही उणीव कोणाच्या लक्षात आली नाही असे नव्हे. स्वातंत्र्यानंतर तिच्याविषयी आयोगांनी लिहिले, समित्यांनी शिफारशी केल्या, आणि गेल्या सत्तर वर्षांत विद्यापीठीय अध्यापकांसाठी अनेक प्रकारचे वर्ग भरविले गेले. या प्रयत्नांचा समग्र इतिहास सांगण्याचा येथे हेतू नाही. त्यांतील दोन टप्पे, म्हणजे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९५४ पासून भरलेले भाषाशास्त्राचे वर्ग आणि १९८७ पासून देशभर निघालेली अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे, परस्परांशेजारी ठेवून पाहावेत, एवढाच या लेखाचा उद्देश आहे. पहिल्या टप्प्यात अध्यापनपद्धतीविषयी फारसे कोणी बोलत नव्हते आणि तरीही ती बदलली. दुसऱ्या टप्प्यात तिच्याविषयी पुष्कळ बोलले गेले आणि ती फारशी बदलली नाही. असे का झाले, हा प्रश्न इतिहासाचा आहे, तसाच तो आपल्या रोजच्या वर्गाचाही आहे.

आरंभ थोडा मागून करावा लागतो. १८५७ साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे जी विद्यापीठे स्थापन झाली ती लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. त्यांचे काम परीक्षा घेणे व पदव्या देणे हे होते. शिकविण्याचे काम संलग्न महाविद्यालयांचे. या व्यवस्थेत शिकविणारा एक आणि परीक्षा घेणारा दुसरा, ही फारकत मुळातच गृहीत होती. अमुक अध्यापकाने काय शिकविले याच्याशी प्रश्नपत्रिकेस कर्तव्य नव्हते. नेमलेल्या पुस्तकाशी होते. मग वर्गात पुस्तक समजावून देणे, त्यावरील टिपणे उतरवून देणे आणि संभाव्य प्रश्न सुचविणे, हीच अध्यापनाची शहाणी रीत ठरली. तिला आळस म्हणणे अन्यायाचे होईल. दिलेल्या परिस्थितीत ती पूर्णपणे तर्कशुद्ध होती. विद्यार्थ्याचे हित ज्याला कळत होते तोच अध्यापक टिपणे अधिक काळजीने देत असे.

या चौकटीला पहिला गंभीर आक्षेप राधाकृष्णन आयोगाने घेतला. नोव्हेंबर १९४८ मध्ये नेमलेल्या या आयोगाचा अहवाल ऑगस्ट १९४९ मध्ये पुरा झाला. व्याख्याने काळजीपूर्वक योजिलेली असावीत, त्यांना लहान गटांतील चर्चा, ग्रंथालयातील काम व लेखी अभ्यास यांची जोड असावी, आणि कोणत्याही अभ्यासक्रमासाठी ठरावीक पाठ्यपुस्तक नेमलेले नसावे, असे आयोगाने सुचविले. शेवटची सूचना आजही वाचताना दचकावयास होते. पाठ्यपुस्तक गेले की प्रश्नपत्रिकेचा आधार गेला, आणि तो गेला की १८५७ ची सगळी रचना हलली. बहुधा म्हणूनच ती सूचना कागदावर राहिली. आयोगाने अध्यापकांसाठी उजळणी वर्गांचीही शिफारस केली; परंतु तिचा रोख प्रामुख्याने माध्यमिक शाळा व इंटरमिजिएट महाविद्यालये यांतील शिक्षकांकडे होता. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शिकविणाऱ्या प्राध्यापकाला आपली शिकविण्याची रीत तपासून पाहावी लागेल, ही कल्पना त्या वेळी उद्धट वाटली असती.

आता पुण्याकडे वळू. डेक्कन कॉलेज हे १९३४ साली बंद पडलेले महाविद्यालय १९३९ मध्ये पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले. तेथे भाषाशास्त्राची धुरा प्रा. सु. मं. कत्रे यांच्याकडे होती. १९४२ पासून ते संस्थेचे संचालकही झाले. कत्रे यांची घडण जुन्या तौलनिक-ऐतिहासिक परंपरेतील. कोंकणीच्या घडणीवरील त्यांचा ग्रंथ १९४२ चा आहे, आणि १९४१ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्याने दिली. याच व्याख्यानमालेत १८७७ साली रा. गो. भांडारकर बोलले होते. म्हणजे चौसष्ट वर्षांच्या अंतराने आपल्याकडे भाषाशास्त्र सांगण्याचे सर्वोच्च रूप तेच होते : विद्वान वक्ता, सावध श्रोते आणि नंतर छापलेला ग्रंथ. या रूपाने आपल्याला जे दिले ते थोडेथोडके नाही. कृ. पां. कुलकर्णी यांचे ‘मराठी भाषा : उद्गम व विकास’ (१९३३) आणि वा. गो. परांजपे यांनी मराठीत आणलेला झ्यूल ब्लॉक यांचा ग्रंथ (१९४१) यांवर मराठीच्या अध्यापकांच्या कितीतरी पिढ्या पोसल्या. परंतु त्या पोसल्या वाचून. स्वतः काही करून नव्हे. ध्वनिपरिवर्तनाचा नियम पाठ असलेला विद्यार्थी समोर बसलेल्या माणसाच्या तोंडचा ध्वनी टिपून घेऊ शकेलच असे नव्हते.

१९५३ साली डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्रज्ञ व शिक्षणतज्ज्ञ यांची एक परिषद भरली, आणि तिच्या पाठोपाठ रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने १९५४ मध्ये भाषाविषयक प्रकल्प सुरू झाला. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात पहिला वर्ग भरला, १९५५ च्या उन्हाळ्यात दुसरा. पुढे असे वर्ग पुण्याबाहेरही भरू लागले. येथे येणारे विद्यार्थी म्हणजे देशातील निरनिराळ्या विद्यापीठांतले व महाविद्यालयांतले भाषांचे अध्यापक आणि संशोधक. शिकविणाऱ्यांत भारतीय विद्वानांबरोबर अमेरिकेतून आलेले तरुण अभ्यासकही होते. चार्ल्स फर्ग्युसन, जॉन गम्पर्झ व विल्यम ब्राइट हे सर्व त्या वर्षांत पुण्यात होते. पुढे या तिघांचीही नावे सामाजिक भाषाशास्त्राच्या इतिहासात गेली. त्यांपैकी पहिल्या दोघांनी १९६० साली दक्षिण आशियातील भाषिक वैविध्यावर संपादित केलेला ग्रंथ या वास्तव्याचेच फळ म्हणावयास हरकत नाही.

या वर्गांची कल्पना पूर्णपणे नवी नव्हती. अमेरिकन भाषाशास्त्र परिषदेने १९२८ मध्ये येल येथे पहिली उन्हाळी भाषाशास्त्र-शाळा भरविली होती. सुटीत अध्यापकांनीच एकमेकांकडे शिकावयास बसावे, हा तिचा पायंडा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिला निराळे वळण मिळाले. सैनिकांना अल्पावधीत अपरिचित भाषा शिकवावयाच्या होत्या आणि त्यांतल्या अनेकांची व्याकरणे उपलब्ध नव्हती. तेव्हा १९४१ पासून तेथे जी सघन भाषाशिक्षणाची योजना राबविली गेली तिचे सूत्र असे होते की, भाषा बोलणारा माणूस आणि भाषेचे विश्लेषण करणारा माणूस या दोघांनी मिळून वर्ग चालवावा. बोलणाऱ्याला भाषा येते, पण ती कशी चालते हे सांगता येत नाही. विश्लेषकाला ती येत नाही, पण कशी शोधावी हे कळते. ब्लूमफील्ड यांची १९४२ सालची छोटी मार्गदर्शक पुस्तिका याच कामासाठी लिहिलेली होती. गरज युद्धाची होती; तिच्यातून जे निघाले ते मात्र अध्यापनाचे एक अपूर्व साधन ठरले.

या साधनाचे स्वरूप नीट सांगितले पाहिजे, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर अवलंबून आहे. क्षेत्रीय पद्धतीच्या वर्गात फळ्याजवळ अध्यापक नसतो, निवेदक असतो. म्हणजे विद्यार्थ्यांना व बहुधा अध्यापकालाही अपरिचित असलेल्या भाषेचा बोलणारा. विद्यार्थी त्याला विचारतात : ‘पाणी’ याला काय म्हणता? ‘माझे पाणी’? ‘आमचे पाणी’? तो सांगतो, ते ध्वनिलिपीत उतरवितात. पहिल्या दिवशी दहा वह्यांत दहा लेखने असतात. मग वाद सुरू होतो. हा ध्वनी महाप्राण आहे की नाही? येथे स्वर दीर्घ ऐकू आला तो अर्थभेद करतो की केवळ उच्चारात वाढला? उत्तर अध्यापकाजवळ नसते. ते पुढचा प्रश्न नीट विचारल्यासच मिळते. अशा वर्गात टिपणे उतरवून देता येत नाहीत, कारण टिपणे अद्याप अस्तित्वातच आलेली नसतात. आज ज्याला ‘विद्यार्थ्यांचा सक्रिय सहभाग’ म्हणतात तो येथे बाहेरून आणावा लागत नाही. त्यावाचून तास पुढे सरकतच नाही.

स्वतःच्या भाषेकडेही मग निराळ्या कानाने पाहता येते. मराठीत आपण ‘जग’ असे लिहितो. त्याचा अर्थ ‘विश्व’ असेल तर ज तालव्य आणि ‘जगणे’ या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप असेल तर ज दंत्य. लिपी एकच चिन्ह देते, जीभ दोन ध्वनी करते, आणि अर्थ बदलतो. हे प्रत्येक मराठी माणूस दिवसातून शंभरदा करतो. पण हे दोन स्वतंत्र स्वनिम आहेत काय, हा प्रश्न त्याला कोणी विचारलेला नसतो. एम. ए. च्या पहिल्या वर्षाच्या वर्गात हे उदाहरण मांडले की आजही क्षणभर शांतता पसरते आणि मग प्रत्येक जण ओठांतल्या ओठांत ‘जग, जग’ म्हणू लागतो. त्या क्षणी विद्यार्थी जे शिकतो ते पुस्तकातील व्याख्या वाचून शिकता येईल असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही.

पुण्याच्या वर्गांचे फळ दिसावयास फार काळ लागला नाही. ना. गो. कालेलकर पॅरिसहून शिकून आले होते. त्यांचा ‘ध्वनिविचार’ १९५५ चा, ‘भाषा आणि संस्कृती’ १९६२ चा. अशोक केळकर यांनी १९५८ साली कॉर्नेल विद्यापीठात मराठीच्या ध्वनिव्यवस्थेवर व पदव्यवस्थेवर प्रबंध सादर केला आणि पुढे त्यांचे कार्यक्षेत्र डेक्कन कॉलेज हेच झाले. या दोघांना त्या वर्गांनी घडविले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु ज्या वातावरणात त्यांचे म्हणणे ऐकू येऊ लागले ते वातावरण या वर्गांनी निर्माण केले. १९६० च्या दशकात डेक्कन कॉलेज भाषाशास्त्राचे प्रगत अध्ययनकेंद्र झाले. १९६९ मध्ये म्हैसूर येथे भारतीय भाषा संस्थान निघाले. ठिकठिकाणच्या विद्यापीठांत भाषाशास्त्राचे स्वतंत्र विभाग उघडले. या विभागांना पहिले अध्यापक पुरविण्यात पुण्याच्या वर्गांचा वाटा मोठा होता.

येथे एक गोष्ट मात्र स्पष्ट केली पाहिजे, नाही तर हे सारे गतवैभवाचे गुणगान ठरेल. हे वर्ग परकीय पैशावर व बऱ्याच अंशी परकीय सिद्धांतावर उभे होते. ते इंग्रजीत चालत. आणि त्यांतून परत गेलेला अध्यापक नव्या स्वतंत्र विभागात गेला तर त्याला वाव मिळाला. पण मराठी, हिंदी किंवा कन्नडच्या विभागात परतलेल्या अध्यापकापुढे तीच जुनी प्रश्नपत्रिका होती. तिच्यात भाषाकुलांचे वर्गीकरण, ध्वनिपरिवर्तनाची कारणे आणि बोलींची लक्षणे यांवर निबंधवजा उत्तरे लिहावयाची असत. निवेदक समोर बसवून सहा महिने घालविलेल्या विद्यार्थ्याला अशा प्रश्नपत्रिकेत किती गुण मिळाले असते? नव्या पद्धतीचा अध्यापक जुन्या परीक्षेत आपल्या विद्यार्थ्यांचे नुकसान करणार, हे त्याला दिसत होते. मग त्याने काय केले असेल हे सांगण्यास फार कल्पकता नको. ‘स्वनिम म्हणजे काय?’ या प्रश्नाचे उत्तर फळ्यावर आले आणि वह्यांत उतरले. शोधण्याची क्रिया गेली, तिची व्याख्या तेवढी राहिली.

हाच धडा पुढे मोठ्या प्रमाणावर गिरविला गेला. १९६३ पासून विज्ञान व गणित यांच्या अध्यापकांसाठी अमेरिकन साहाय्याने उन्हाळी संस्था भरू लागल्या. प्रयोग स्वतः करून पाहणे हे त्यांचेही सूत्र होते. डॉ. दौ. सिं. कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने २९ जून १९६६ रोजी अहवाल सादर केला. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे महाराष्ट्रातले. शिक्षणाच्या कारभाराचा इतका बारीक अभ्यास असलेली माणसे त्या काळी थोडीच होती. नव्याने नेमलेल्या व्याख्यात्यांसाठी विद्यापीठांनी नियमित उद्बोधन वर्ग घ्यावेत, आणि मोठ्या विद्यापीठांत किंवा विद्यापीठांच्या समूहांत त्यासाठी कायमची ‘स्टाफ कॉलेजे’ असावीत, असे आयोगाने म्हटले. महत्त्वाचे म्हणजे त्याच अहवालात चांगल्या महाविद्यालयांना स्वायत्तता द्यावी, त्यांनी आपले अभ्यासक्रम व परीक्षा स्वतः ठरवाव्यात, असेही सुचविलेले होते. या दोन शिफारशी वेगवेगळ्या प्रकरणांत असल्या तरी एकीवाचून दुसरी पांगळी आहे, हे वाचणाऱ्याच्या ध्यानात येते.

प्रत्यक्षात त्यांची फारकत झाली. स्वायत्त महाविद्यालये १९७८ मध्ये तमिळनाडूत सुरू झाली आणि इतरत्र फार सावकाश पसरली. स्टाफ कॉलेजांना मात्र १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने एकदम गती दिली. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८७ पासून देशभर अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे उघडली. पहिल्या योजनेत त्यांची संख्या ४८ होती. नवागतांसाठी चार आठवड्यांचा उद्बोधन वर्ग आणि अनुभवी अध्यापकांसाठी तीन आठवड्यांचा विषयवार उजळणी वर्ग, अशी रचना स्थिरावली. त्याच सुमारास आलेल्या नव्या वेतनश्रेणीत वरची श्रेणी मिळण्यास असे वर्ग पूर्ण केल्याची अट घालण्यात आली.

या अटीमुळे एक गोष्ट निश्चित साधली, ती नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पुण्याच्या वर्गांत निवडक लोक आले. स्टाफ कॉलेजात सर्वांना यावे लागले. तालुक्याच्या गावी एकट्याने विषय शिकविणारा अध्यापक प्रथमच आपल्या विषयाच्या चाळीस माणसांत तीन आठवडे राहिला. मराठवाड्यातील किंवा कोंकणातील एखाद्या महाविद्यालयातून आलेल्या अध्यापकाला या वास्तव्याचे मोल काय होते हे त्याच्याकडूनच ऐकावे. ग्रंथालय, ओळखी, संध्याकाळच्या गप्पा यांतून झालेले शिक्षण प्रमाणपत्रावर उमटत नाही.

परंतु वर्गातले शिक्षण? सुमारे पंधरा वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने अशाच एका उद्बोधन वर्गास हजेरी लावली. ‘सहभागी अध्ययनपद्धती’ या विषयावर एका विद्वान गृहस्थांनी दीड तास व्याख्यान दिले. पडद्यावर एकामागून एक सरकणारे मुद्दे ते वाचून दाखवीत होते आणि आम्ही चाळीस अध्यापक ते वह्यांत उतरवून घेत होतो. विद्यार्थ्यांस प्रश्न विचारू द्यावेत, हा नववा मुद्दा होता. वेळ संपल्यामुळे प्रश्न राहून गेले. यात त्या गृहस्थांना दोष द्यावा असे वाटत नाही. त्यांना इतिहास, वनस्पतिशास्त्र, वाणिज्य आणि भाषाशास्त्र या सर्वांच्या अध्यापकांना एकाच वेळी ‘पद्धती’ शिकवावयाची होती. विषय वजा केलेली पद्धती म्हणजे निवेदकाशिवायचा क्षेत्रीय वर्ग. तिच्यात शोधावयास काही उरत नाही, म्हणून ती केवळ सांगता येते.

आणि समजा, ती उत्तम रीतीने शिकविली गेली असती, तरी परतल्यावर ती वापरावयाची कोठे? संलग्न महाविद्यालयातील अध्यापक अभ्यासक्रम ठरवीत नाही, प्रश्नपत्रिका काढत नाही, आणि ज्यांचे पेपर तपासतो ते विद्यार्थी बहुधा त्याचे नसतात. १८५७ ची फारकत त्याच्या बाबतीत अजून मोडलेली नाही. पुण्याच्या वर्गांतून गेलेले अध्यापक जेथे यशस्वी झाले ते नव्या विभागांत, जेथे शिकविणाराच परीक्षक होता. त्यांच्या यशाचे श्रेय आपण सामान्यतः नव्या शास्त्राला, परदेशी अध्यापकांना किंवा त्या काळाच्या उत्साहाला देतो. विभागाच्या हाती असलेल्या परीक्षेच्या अधिकाराला ते देण्याचे आपल्याला सुचत नाही, कारण तो अधिकार कागदावरचा, कारकुनी आणि नीरस वाटतो.

त्यानंतरचा वृत्तांत थोडक्यात पुरे. २०१५ मध्ये स्टाफ कॉलेजांचे ‘मनुष्यबळ विकास केंद्र’ असे नामांतर झाले. २०१८ मध्ये ‘स्वयम्’ या शासकीय व्यासपीठावरून घरबसल्या उजळणी वर्ग सुरू झाले. २०२३ मध्ये मालवीय मिशन या नावाखाली योजनेची पुनर्रचना होऊन १११ केंद्रे तिच्याशी जोडली गेली. वर्गांचा कालावधी आखडला, संख्या वाढली, आणि अध्यापक आपल्याच घरातील पडद्यासमोर बसून सहभागी अध्ययनाविषयी ऐकू लागला. संध्याकाळच्या गप्पाही त्याबरोबर गेल्या.

आमच्या विभागात क्षेत्रीय पद्धतीचा वर्ग अजून जुन्या रीतीने चालतो. गेल्या वर्षी मेळघाटातून आलेल्या एका कोरकूभाषी विद्यार्थ्याने निवेदक होण्याचे कबूल केले. चौथ्या आठवड्यात वर्गाच्या ध्यानात आले की ‘दोघे’ आणि ‘पुष्कळ’ यांसाठी त्याची रूपे निरनिराळी येत आहेत. संस्कृतचे द्विवचन शाळेत पाठ केलेल्या मुलींना ते मुंडा कुळातील एका जिवंत भाषेत, समोर बसलेल्या सहाध्यायाच्या तोंडून ऐकू आले; त्या दिवशी तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठले नाही. सत्राच्या अखेरीस या विषयाची परीक्षा निवेदकासमोर बसवूनच घ्यावी असे आम्ही ठरविले, आणि तसे विद्यापीठाच्या परीक्षा विभागास कळविले. त्यांचा छापील तक्ता भरून पाठवावा लागतो. त्यात ‘प्रश्नपत्रिकांचे संच’ या रकान्यासमोर आम्ही ‘निवेदक, एक’ असे लिहिले होते. तक्ता आठ दिवसांनी परत आला. त्या रकान्याभोवती लाल शाईने वर्तुळ काढले होते आणि खाली लिहिले होते : ‘कृपया तीन संच मोहोरबंद लिफाफ्यात पाठवावेत.’